दमदमच्या टेकाडाखालचे कोलकाता

जॉब चार्नॉकने २४ ऑगस्ट १६९० रोजी कोलकाता वसविले, हा रूढ समज कलकत्ता उच्च न्यायालयाने मे २००३ मध्ये तज्ज्ञ समितीच्या अहवालाच्या आधारे अमान्य केला. शहराची जन्मतारीख अशा रीतीने रद्द झाली, परंतु त्यापूर्वीच्या वस्तीचा पुरावा जमिनीतूनच मिळणार होता.

त्याच सुमारास दमदम येथील क्लाइव्ह हाऊसच्या परिसरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले. रॉबर्ट क्लाइव्हचे वास्तव्य असलेली ही अठराव्या शतकातील वास्तू टेकाडावर उभी आहे. तेथील अवशेषांनी वस्तीचा काळ सुमारे दोन हजार वर्षे मागे नेला.

अशा उत्खननात जुन्या घराच्या जमिनीला विशेष मोल असते. चुन्याची अभंग जमीन एखाद्या झाकणासारखी असते. तिच्याखाली सापडलेली वस्तू ती जमीन घालण्यापूर्वीचीच ठरते. मात्र ती झिजून फुटली, झाडांची मुळे वा उंदरांची बिळे आरपार गेली, की वरचे खापर खाली उतरते आणि कालनिश्चितीच डळमळते. बंगालमधील पाऊस व दमट हवा यांमुळे ही झीज लवकर होते. शिवाय फाळणीनंतर या पडक्या घरात निर्वासित कुटुंबे राहत होती; त्यांचा निवारा हाही प्रश्न होताच.

खरा पेच वेगळाच आहे. प्राचीन थरांपर्यंत पोहोचण्यासाठी वरची जमीन उखडावी लागते आणि एकदा उखडलेला थर पुन्हा जागेवर बसविता येत नाही. त्यामुळे वास्तूच्या आत खोदण्यापूर्वी तिच्या भिंती सावरणे आणि जमिनीचा प्रत्येक थर आरेखून ठेवणे अधिक निकडीचे ठरते.