जुम्याची अंघोळ पिंपालाही

गेल्या पावसाळ्यात मुलीला डेंग्यू झाला, तेव्हा मी गटारीच्या नावाने बोटे मोडत होतो. आशाताईंनी टॉर्च मारून दाखवले, अळ्या आमच्याच वजूच्या पिंपात वळवळत होत्या.

डेंग्यूचा डास घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. धूरफवारणीने उडणारे डास मरतात, अळ्या नाहीत. अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. आतून घासायला हवे. अंड्याचा डास व्हायला साधारण 8-10 दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा.

जुम्याची अंघोळ आपण चुकवत नाही. त्याच दिवशी पिंप, कूलर, फ्रिजमागचा ट्रेही घासू या. पाकी फक्त अंगापुरतीच का ठेवायची?