उपोषणाला डॉक्टर, मग पोरीला का नाही?

३० जानेवारी २०१९ ला अण्णा हजारे राळेगणसिद्धीत उपोषणाला बसले. सातव्या दिवशी सुटलं. तोवर डॉक्टर हजर. वजन, रक्तदाब, सगळं पेपरात. बरोबरच होतं ते!

पण आपल्याच नगर जिल्ह्यात एखादी पोरगी महिनोन् महिने ताटावरून उठून जाते, हाडं दिसायला लागतात, पाळी थांबते... तेव्हा घरचे काय म्हणतात? "नखरे आहेत." नाहीतर कौतुक, "उपास किती कडक करते हो!"

मंडळी, हा आजार आहे. ॲनोरेक्सिया. यात जीव जातो. अंगाऱ्याने तो बरा होत नाही आणि घास कोंबूनही नाही. फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून हृदय बंद पडू शकतं. म्हणून फिजिशियन, मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ तिघेही हवेत. आणि घरच्यांनी न रागावता रोज तिच्याबरोबर जेवायला बसायला हवं.

२०१७ च्या कायद्याने मानसिक उपचारांचा हक्क दिलाय. १४४१६ वर मराठीत बोलता येतं, फुकट. तरी आपण अडतो कुठे? "लोक काय म्हणतील?"

म्हणू देत की! उपोषणाच्या मांडवात डॉक्टर चालतो, मग घरातल्या उपाशी पोरीसाठी का चालत नाही?