मागच्या बाकावरून जंगलाचा आवाज

गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या वनहक्क समित्यांच्या दप्तरात एक तारीख पानोपानी आढळते: १३ डिसेंबर २००५. वनजमीन त्या दिवसापूर्वीपासून तुमच्या ताब्यात होती का, हा प्रश्न प्रत्येक दावेदाराला विचारला जातो आणि त्याच्या उत्तरावर पट्टा मिळणे वा न मिळणे ठरते. वनहक्क विधेयक लोकसभेत मांडले गेले तो हा दिवस. १३ डिसेंबर २०२५ रोजी त्याला वीस वर्षे पूर्ण झाली.

सरकारने मांडलेल्या मूळ विधेयकात मात्र ही तारीख नव्हती. त्यात २५ ऑक्टोबर १९८० ही मुदत होती, म्हणजे वन संवर्धन कायदा अमलात आला तो दिवस. त्यानंतर जंगलात नांगर धरलेल्या प्रत्येकाला ते विधेयक अतिक्रमणदार ठरवत होते. हक्क फक्त अनुसूचित जमातींना होते. पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावात, त्याच जंगलावर जगणाऱ्या बिगरआदिवासी कुटुंबांचा त्यात उल्लेखही नव्हता. जमिनीची मर्यादा अडीच हेक्टर होती. विधेयक खासदारांच्या संयुक्त समितीकडे गेले. समितीचे अध्यक्ष होते व्ही. किशोर चंद्र देव, आंध्र प्रदेशातल्या पार्वतीपुरमचे खासदार. ते तेव्हा मंत्री नव्हते. मे २००६ मध्ये या समितीने जो अहवाल दिला, त्याने विधेयकाचा चेहराच बदलला. मुदत विधेयक मांडल्याच्या दिवसापर्यंत पुढे आली. तीन पिढ्यांपासून जंगलावर अवलंबून असलेल्या इतर पारंपरिक वननिवासींना जागा मिळाली. ग्रामसभेचे स्थान भक्कम झाले. समितीचे सगळेच सरकारने स्वीकारले नाही, तरी डिसेंबर २००६ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात नवी तारीख आली आणि मर्यादा चार हेक्टर झाली.

त्या समितीतल्या सदस्यांची नावे आज धानोरा किंवा एटापल्लीत कुणाला आठवणार नाहीत. त्यांच्या कामाचे फळ मात्र तिथे रोज दिसते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, देशात सर्वांत आधी ज्या गावांना तो मिळाला त्यांपैकी हे एक. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही या ग्रामसभेच्या हाती आला. आज गडचिरोली जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा देशभर गेली. तिच्या उत्तरार्धाला कायद्याचे बळ मिळाले ते पूर्वार्धातल्या दिल्लीत, समितीच्या खोलीत, कलम-कलम वाचणाऱ्या खासदारांमुळे.

म्हणून या निमित्ताने मागच्या बाकावरच्या खासदाराविषयी बोलले पाहिजे. आपल्याकडे खासदाराची किंमत दोन मापांनी ठरते: तो मंत्री झाला का, आणि त्याने किती निधी आणला. सभागृहात तो काय बोलला, कोणता प्रश्न विचारला, कोणत्या कलमाला दुरुस्ती सुचवली, याची चौकशी आपण करत नाही. कायदे करणे हे ज्याचे पहिले काम, त्याला आपण रस्ते आणि समाजमंदिरांच्या हिशेबावर निवडतो वा पाडतो. जंगलावर जगणाऱ्या जिल्ह्यांना ही सवय फार महाग पडते. इथली जमीन, पाणी, खनिज, बांबू, वाघ या सगळ्यांचे भवितव्य दिल्लीत होणाऱ्या कायद्यांशी बांधलेले आहे.

या मातीतून लोकसभेत गेलेल्या माणसांकडे पाहिले तर मागच्या बाकाची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही कळतात. १९६२ मध्ये तेव्हाच्या चांदा मतदारसंघातून लाल श्याम शाह अपक्ष म्हणून निवडून आले. ते मोहला-पानाबारसचे गोंड जमीनदार. त्यांचा मुलूख आज छत्तीसगडमध्ये, गडचिरोलीच्या सीमेला लागून आहे. आदिवासींची उपेक्षा आणि त्यांच्या प्रदेशात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या होणाऱ्या वसाहती हे प्रश्न पुढे करून त्यांनी १९६४ मध्ये लोकसभेचा राजीनामा दिला. पक्ष नाही, गट नाही, अशा एकट्या सदस्याला आपले म्हणणे देशापुढे ठेवण्यासाठी जागाच सोडावी लागली, ही गोष्ट अस्वस्थ करते. ते निर्वासितही फाळणीचे घाव सोसून आलेले होते. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांतली त्यांची गावे आज जिल्ह्याचाच भाग आहेत. पण मूळ रहिवाशांना न विचारता त्यांच्या भूमीचे निर्णय घेऊ नयेत, हा शाह यांचा मुद्दा पुढे वनहक्क कायद्याच्या आणि आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या ‘पेसा’ कायद्याच्या गाभ्याशी आला. त्यासाठी तीन-चार दशके जावी लागली.

दुसरे उदाहरण कोळशाचे. चंद्रपूर हा खाणींचा जिल्हा. इथले खासदार हंसराज अहीर विरोधी बाकांवर असताना कोळसा खाणपट्ट्यांच्या वाटपाबद्दल सातत्याने पत्रे लिहीत होते, तक्रारी करत होते. त्यांनी आणि प्रकाश जावडेकर यांनी केंद्रीय दक्षता आयोगाकडे केलेल्या तक्रारीवरून २०१२ मध्ये सीबीआयची चौकशी सुरू झाली. त्याच वर्षी ‘कॅग’चा अहवाल संसदेत आला. पुढे जनहित याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०१४ रोजी २१८ पैकी २१४ खाणपट्ट्यांचे वाटप रद्द केले. या निकालाचे श्रेय एका माणसाचे नाही. त्यात लेखापरीक्षक होते, याचिकाकर्ते होते, न्यायालय होते. त्या प्रकरणाचे राजकारणही झाले. तरीही खाणींच्या जिल्ह्याचा खासदार चिकाटीने कागद मागत राहिला तर प्रश्न कुठवर जातो, हे यातून दिसले. पक्ष कोणताही असो, आपल्या भागाची खोल माहिती असलेला सदस्य सरकारला उत्तर द्यायला भाग पाडू शकतो.

आणि आवाजच नसेल तर काय होते, तेही चंद्रपूरने अलीकडेच पाहिले. २०१९ मध्ये महाराष्ट्रातून काँग्रेसचे एकमेव खासदार म्हणून निवडून आलेले बाळू धानोरकर यांचे ३० मे २०२३ रोजी अकाली निधन झाले. कायद्याप्रमाणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायला हवी होती. ती झाली नाही. पुण्याची जागाही तेव्हा रिकामी होती. तिथे पोटनिवडणूक घ्या, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला, पण सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. चंद्रपूरची जागा २०२४ च्या निवडणुकीपर्यंत रिकामीच राहिली. नेमक्या त्या काळात, २६ जुलै २०२३ रोजी, वन संवर्धन दुरुस्ती विधेयक लोकसभेत गदारोळात, अगदी थोड्या चर्चेनंतर मंजूर झाले. कोणत्या जमिनीला वन मानायचे, याची व्याख्या त्याने बदलली. नक्षलग्रस्त म्हणून अधिसूचित होणाऱ्या भागात लोकोपयोगी प्रकल्पांसाठी पाच हेक्टरपर्यंतच्या जमिनीला सूट दिली. ताडोबाच्या जिल्ह्यातल्या चंद्रपूर मतदारसंघाला त्या दिवशी लोकसभेत खासदारच नव्हता.

या विधेयकासाठीही संयुक्त समिती नेमली होती. काही सदस्यांनी असहमतीची टिपणे जोडली. तरी समितीने मूळ मसुदा जसाच्या तसा परत पाठवला. २००६ ची समिती आणि २०२३ ची समिती शेजारी ठेवून पाहावे. विषय तोच, जंगल आणि त्यात राहणारी माणसे. एका समितीने हरकती ऐकून विधेयक घडवले. दुसरीने त्याला हात लावला नाही. नवी दुरुस्ती बरोबर की चूक, यावर मतभेद असू शकतात. पण लाखो लोकांच्या जगण्याला भिडणारा कायदा चर्चेविना होऊ नये, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

साध्या सदस्याच्या हाती साधने कमी नाहीत. रोज वीस तारांकित प्रश्नांची यादी असते आणि त्यांवर पुरवणी प्रश्न विचारता येतात. लेखी उत्तरे मागता येतात. शून्य प्रहर आहे, नियम ३७७ आहे. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन आश्वासन समितीच्या नोंदीत जाते आणि साधारण तीन महिन्यांत त्याची पूर्तता अपेक्षित असते. शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांच्या कामकाजाचे असतात. आजवर अशी केवळ चौदा विधेयके कायदे झाली, त्यातले शेवटचे १९७० मध्ये, हे खरे. पण मंजुरी हेच एक माप नव्हे. नाथ पै यांनी १९६७ मध्ये मांडलेले घटनादुरुस्तीचे खासगी विधेयक मंजूर झाले नाही. त्याच आशयाची चोविसावी घटनादुरुस्ती मात्र १९७१ मध्ये झाली. सभागृहाच्या वृत्तांतात गेलेला शब्द राहतो आणि पुढचा कुणी तो उचलतो.

आज चंद्रपूरच्या प्रतिभा धानोरकर आणि गडचिरोली-चिमूरचे नामदेव किरसान हे दोघेही लोकसभेत प्रथमच गेलेले, विरोधी बाकांवरचे सदस्य आहेत. एकीच्या मतदारसंघात वणी-आर्णी, दुसऱ्याच्या मतदारसंघात थेट आमगावपासून सिरोंचापर्यंतचा पसारा. त्यांच्यासमोरचे प्रश्न केंद्राच्याच दारात सुटणारे आहेत. बिगरआदिवासी वननिवासींनी तीन पिढ्यांचा, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा कुठून आणायचा? मेडीगड्डा धरणाच्या पाण्यात सिरोंचा तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. दोन राज्यांमधल्या या प्रश्नावर केंद्र काय करणार? सुरजागडच्या लोहखनिजात ग्रामसभांचा वाटा काय? झुडपी जंगल ही वनजमीनच, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितल्यानंतर त्यावर पिढ्यांपासून वसलेल्यांचे काय? वाघांच्या हल्ल्यात माणसे मरत राहिली तर संवर्धनाचा भार कोणी वाहायचा?

हे प्रश्न विचारणे खासदारांचे काम. ते विचारायला लावणे मतदारांचे. अधिवेशनापूर्वी ग्रामसभांनी आपले प्रश्न ठरावाच्या रूपात खासदारांना द्यावेत. अधिवेशनानंतर खासदारांनी तालुक्या-तालुक्यांत येऊन कोणता प्रश्न मांडला, काय उत्तर मिळाले, हे मराठीत, गोंडीत, माडियात सांगावे. स्थानिक वृत्तपत्रांनी भूमिपूजनांइतकीच जागा संसदेतल्या प्रश्नोत्तरांना द्यावी, आणि हे आमच्यावरही बंधनकारक आहे. निवडणूक आयोगाने रिकामी जागा सहा महिन्यांत भरावी. महत्त्वाची विधेयके समित्यांकडे जावीत आणि समित्यांनी ज्यांच्या जगण्याशी त्यांचा संबंध आहे, त्यांच्या गावात जाऊन ऐकावे.

मंत्रिपद मिळणे-न मिळणे पक्षश्रेष्ठींच्या हाती असते. अभ्यास करून उभे राहणे आणि आपल्या माणसांसाठी बोलणे प्रत्येक सदस्याच्या हाती आहे. पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, इथल्या मतदाराने आधी एवढेच विचारावे: आमच्या जंगलाबद्दल तुम्ही सभागृहात काय बोललात, किंवा काय बोलणार आहात?