साताऱ्याचा दरबार आणि युरोपची तटबंदी

गेल्या काही वर्षांत आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक नवी भाषा ऐकू येऊ लागली आहे. युरोप मुसलमान स्थलांतरितांनी बुडवला, तिथली चर्चेस ओस पडून त्यांच्या मशिदी झाल्या, ख्रिस्ती राष्ट्रांनी आता तरी दारे लावून घ्यावीत. आणि आपणही इथे खरा धोका कोणाकडून आहे ते ओळखून बहुसंख्याकांच्या सावलीला उभे राहावे. अमेरिकेतली आणि युरोपातली प्रवचने मोबाइलवरून सातारा, मिरज, सांगलीपर्यंत येतात आणि उपासना सुटल्यावरच्या गप्पांत मराठी होऊन बसतात. ही भाषा शुभवर्तमानाच्या विरोधात आहे आणि आपल्यासारख्या मूठभर समाजासाठी आत्मघातकी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण त्यात सगळेच खोटे नाही. पाकिस्तानात आसिया बीबी या ख्रिस्ती शेतमजूर बाईला ईश्वरनिंदेच्या आरोपावरून 2010 साली फाशीची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष ठरवेपर्यंत 2018 उजाडले. मोसुलमध्ये 2014 च्या उन्हाळ्यात ‘इस्लामिक स्टेट’ने ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर ‘नून’ हे अरबी अक्षर रंगवले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांदलेल्या कुटुंबांना अंगावरच्या कपड्यांनिशी शहर सोडायला लावले. ऑगस्ट 2023 मध्ये पाकिस्तानातल्याच जरांवाला शहरात जमावाने चर्चेस आणि ख्रिस्ती घरे जाळली. हे बोलून दाखवणाऱ्याला इस्लामद्वेष्टा ठरवून गप्प करणे अन्यायाचे आहे. ज्यांची घरे गेली ते आपले भाऊबंद आहेत आणि त्यांचे नाव घेताना आवाज खाली आणण्याचे काही कारण नाही.

पण आसिया बीबीची हकिगत सांगायची तर पूर्ण सांगा. तिच्या बाजूने जाहीरपणे बोलले म्हणून पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर जानेवारी 2011 मध्ये स्वतःच्याच अंगरक्षकाच्या गोळ्यांना बळी पडले. ते मुसलमान होते. दोनच महिन्यांनी ख्रिस्ती मंत्री शाहबाज भट्टी मारले गेले. सर्वोच्च न्यायालयात तिची बाजू लढवणारे वकील मुसलमान होते, तिला सोडणारे न्यायमूर्ती मुसलमान होते. तिला तुरुंगात डांबले ते एका कायद्याने, आणि त्या कायद्यात राज्यसंस्था एका धर्माची कोतवाल झालेली होती. रोग तिथे आहे. मग त्यावर उपाय म्हणून दुसऱ्या एखाद्या राज्याने ख्रिस्ताची कोतवाली पत्करावी, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

युरोपचे म्हणाल, तर प्यू या संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2016 साली तिथल्या लोकसंख्येत मुसलमान सुमारे 5 टक्के होते. चर्चेस ओस पडली ती त्यांच्यामुळे नाही; बाप्तिस्मा घेतलेल्यांच्याच मुलानातवंडांनी तिथे जाणे सोडले, आणि ते सीरियन निर्वासित येण्याच्या कितीतरी आधी. हंगेरीचे व्हिक्टर ओर्बान यांनी ‘ख्रिस्ती युरोप’ वाचवण्याची घोषणा करून 2015 मध्ये सीमेवर काटेरी कुंपण घातले, त्याने रविवारची बाके भरत नसतात. शिवाय राष्ट्र आणि रक्त यांच्या सेवेला ख्रिस्त जुंपण्याचा प्रयोग युरोपने एकदा करून पाहिला आहे. हिटलरच्या जर्मनीत ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणवणाऱ्यांनी तो केला आणि कार्ल बार्थ प्रभृतींनी 1934 च्या बार्मेन जाहीरनाम्यात त्याला ठाम नकार दिला. चर्चचा धनी एकच, आणि सत्तेच्या हुकमाने त्याची जागा दुसऱ्या कोणाला देता येत नाही, हे त्या नकाराचे सार.

त्याच्या 17 वर्षे आधी, आणि छळाची तलवार डोक्यावर नसताना, असाच एक नकार आपल्या साताऱ्यात दिला गेला होता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीने राहायचे ठरवले आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले होते तसे न घेतलेल्यांनाही स्थान होते. ख्रिस्ताला गुरू मानतो एवढे पुरे. आपण टिळकांना कवी म्हणून डोक्यावर घेतो, त्यांची भजने उपासनेत गातो, आणि दरबाराला मात्र उतारवयातली एक लहर समजून बाजूला ठेवतो. माझ्या मते मराठी ख्रिस्ती राजकीय विचारातले सर्वांत धाडसी पाऊल तेच आहे. त्या काळी मिशनचे कंपाउंड म्हणजे नुसती जागा नव्हती. शाळा, दवाखाना, नोकरी, परदेशी पैसा आणि त्यामागे साम्राज्याची पाठराखण असे सगळे त्या भिंतीच्या आत होते. बाहेरच्या हिंदू-मुसलमानांच्या नजरेत ख्रिस्त त्या भिंतीसकट दिसत होता. पगारावर पाणी सोडून टिळक भिंतीबाहेर आले तेव्हा त्यांनी ख्रिस्त साहेबाच्या सत्तेपासून वेगळा काढून दाखवला. 9 मे 1919 रोजी ते गेले आणि दरबार फार टिकला नाही, हे खरे. पण एखादी गोष्ट टिकली नाही म्हणून ती चुकीची ठरत नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो: असे दार उघडले की सगळे धर्म सारखेच म्हणावे लागते, मग ख्रिस्ताचे वेगळेपण काय उरले? टिळकांचे आयुष्यच याचे उत्तर आहे. आपण तुकोबांमार्फत ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे सांगणारा हा माणूस ‘ख्रिस्तायन’ लिहायला बसला होता. ख्रिस्तावरची त्याची निष्ठा पातळ झाली होती असे म्हणण्याचे धाडस कोण करील? बहुधर्मी समाजात राहणे म्हणजे आपला विश्वास सौम्य करून घेणे, ही समजूत ज्यांनी असा समाज बाहेरून पाहिला त्यांची. सातारा-सांगलीत आपल्या आजोबापणजोबांनी उरुसाचा मलिदा खाल्ला, दिवाळीचा फराळ घेतला आणि रविवारी चर्चमध्ये गुडघेही टेकले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात मुसलमानांविषयी आदर व्यक्त केला तो 1965 साली. रोमला उशीर झाला म्हणून मी नाक मुरडत नाही. उलट एवढ्या मोठ्या संस्थेने ते लेखी केले याचा मला आनंद आहे. आपल्याकडे ते लेखी नव्हते, वागण्यात होते. वागण्यातले पुसायला एक पिढी पुरते, म्हणून तर आज ते लिहावे लागत आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रीतीलाही क्रम असतो, असे तो सांगतो: आधी कुटुंब, मग शेजारी, मग आपला देश, आणि काही उरलेच तर परका. अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी 2025 च्या जानेवारीत संत ऑगस्टीन आणि थॉमस अक्वायनस यांच्या परंपरेतला हा विचार स्थलांतरितांना हाकलण्याच्या धोरणाच्या समर्थनार्थ वापरला. पुढच्याच महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकी बिशपांना पत्र लिहून चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याची आठवण करून दिली. क्रम असतो हे मला मान्य आहे. आईने स्वतःच्या लेकराला आधी भरवले तर तिला कोणी दोष देत नाही. राज्याने सीमेवर तपासणी करावी, येणाऱ्यांची नोंद ठेवावी, काहींना नकारही द्यावा. पवित्र शास्त्र सरकारला वेडेपणा करायला सांगत नाही. पण क्रमाने एवढेच ठरते की सुरुवात कुठून करायची. वाटेत अर्धमेला पडलेला माणूस ‘यादीत खालचा’ म्हणून ओलांडून जायची सवलत त्यातून मिळत नाही. त्या दाखल्यात याजक आणि लेवी ओलांडून गेले आणि थांबला तो परक्या, हिणवलेल्या पंथाचा माणूस. प्रभूने मदत करणाऱ्याच्या जागी परका उभा केला, हे व्हान्स यांच्या मांडणीत कुठेच बसत नाही.

आणि परके म्हणून दारात उभे राहण्याची वेळ ख्रिस्ती लोकांवरही आलेली आहे, तीही आपल्याच मुलखात. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने सायबेरिया-कझाकस्तानात हद्दपार केलेल्या पोलिश लोकांपैकी लाखाहून अधिक सैनिक आणि नागरिक 1942 मध्ये इराणात पोहोचले. देश मुसलमानांचा, वर ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजांनी व्यापलेला, स्वतःच भुकेला. तिथून सुमारे पाच हजार जण कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत आले आणि 1948 पर्यंत राहिले. आजारी असलेल्यांपैकी काहींना साताऱ्यातल्या पाचगणीच्या हवेवर ठेवले गेले. व्यवस्था ब्रिटिशांची होती हे खरे, पण शेजार आपल्या लोकांचा होता. तेव्हा कोणी त्या बायाबापड्यांचा धर्म काढून ‘आधी आमचे’ म्हणून दार लावले असते तर? युरोपच्या वेशीवर आलेल्या सीरियन कुटुंबाविषयी बोलताना पोलंडच्या पुढाऱ्यांनी वळिवडे विसरावे आणि आपणही त्यांच्या सुरात सूर मिळवावा, याचे मला फार वाईट वाटते.

मिरजेला तर यावर भाषण देण्याची गरजच नाही. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे आले आणि मिरजेच्या संस्थानिकांनी दिलेल्या जागेवर त्यांचे रुग्णालय उभे राहिले. उत्तरेतल्या कैरान्याचे गायक अब्दुल करीम खाँ इथेच स्थायिक झाले. ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे दर वर्षी गाणे होते. दोघेही बाहेरून आलेले. शहराचे नाव दोघांनी मोठे केले.

आता आपल्या खऱ्या परीक्षेकडे येतो. 2019 च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना नागरिकत्वाची वाट मोकळी केली. त्या सहांत ख्रिस्ती आहेत, मुसलमान नाहीत. पाकिस्तानात छळले जाणारे अहमदिया नाहीत, अफगाणिस्तानातले हजारा नाहीत. आपले नाव यादीत आहे म्हणून अनेकांनी समाधान मानले. पाकिस्तानातून जीव वाचवून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबाला आसरा मिळतो आहे, तर तो मिळो, मनापासून मिळो. पण छळ झाला म्हणून आसरा, हे एकदा मान्य केले की छळ झालेल्याचा धर्म विचारून दार उघडायला शास्त्रात आधार नाही. अनाथ, विधवा आणि उपरा यांना मोशेच्या नियमशास्त्राने एका ओळीत बसवले तेव्हा उपऱ्याची उपासना तपासायला सांगितली नाही. भारताने 1951 चा निर्वासित करार मान्य केलेला नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. तो असावा, आणि त्याचा निकष धर्म नसून छळ असावा, ही मागणी सर्वांत आधी ख्रिस्ती मंडळ्यांनी करायला हवी होती. ज्याला सवलत मिळाली आहे त्यानेच ती मागितली तर तिला वजन येते.

असे वागण्याचा वारसाही आपला आहे. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी हे ख्रिस्ती होते, आणि अल्पसंख्याकांना धर्माच्या नावाने राखीव जागा नकोत अशी भूमिका घेणाऱ्यांत ते पुढे होते. स्वतःसाठी कप्पा न मागता धर्म पाळण्याचे आणि त्याचा प्रचार करण्याचे स्वातंत्र्य सर्वांसाठी मागितले गेले आणि ते कलम 25 मध्ये आले. ते कलम आपल्यासाठी आहे तेवढेच मशिदीतल्या माणसासाठी आहे.

10 सप्टेंबर 2023 च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून जमावाने मशिदीवर हल्ला केला आणि एका तरुणाचा जीव गेला. ‘त्या दोघांचे भांडण आहे, आपण कशाला मध्ये पडा,’ हे वाक्य तेव्हा आपल्यातल्या शहाण्यासुरत्या लोकांच्या तोंडी होते. दोन वर्षेही झाली नाहीत तोच, जून 2025 मध्ये, सांगलीत जतचे आमदार गोपीचंद पडळकर यांनी धर्मांतर घडवणाऱ्या पाद्र्यांना मारणाऱ्यांसाठी लाखांची बक्षिसे जाहीर केली. मध्ये न पडण्याने आपण सुरक्षित राहतो, हा हिशेब तिथेच चुकला. जी गर्दी मशिदीच्या दारात जाते तिला चर्चचे दार माहीत नसते असे थोडेच आहे!

सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातले गलाई कामगार सोने-चांदी गाळायला देशाच्या कानाकोपऱ्यात पांगले आहेत. पाटण-जावळीची माणसे माथाडी म्हणून मुंबईत गेली. परक्या गावात भाड्याची खोली मागताना काय ऐकावे लागते ते आपल्या घराघरांत ठाऊक आहे. तेव्हा सांगली-मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत किंवा तासगावच्या द्राक्षबागेत राबणाऱ्या बंगाली बोलणाऱ्या मजुराला ‘बांगलादेशी’ ठरवून पोलीस ठाण्यात बसवले, तर मंडळीतल्या एखाद्या वकिलाने त्याची कागदपत्रे घेऊन तिथे जावे, त्याचे नाव अब्दुल असो की आनंद. पुन्हा कुठे मशिदीवर दगड पडले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले पाळक आणि पंच तिथे उघडपणे, मंडळीच्या नावाने उभे असावेत. हे येत्या वार्षिक सभेत ठराव करून लिहून घ्या आणि पाळकांना एकटे पाठवू नका.