कोंबडे झाकले आणि उजाडलेच नाही

कोंबडे झाकून ठेवले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण मराठी माणसाच्या जिभेवर पिढ्यान्‌पिढ्या आहे. सत्य दडपू पाहणाऱ्याला टोला हाणायचा असला की ती हटकून वापरली जाते. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधील विद्यार्थ्यांनी केलेल्या सोळा मिनिटांच्या एका लघुपटाने ही म्हण सरळ उलटी करून टाकली. त्या लघुपटातल्या गावात एक म्हातारी कोंबडा चोरते, आणि खरोखरच उजाडत नाही. सूर्य उगवतो म्हणून कोंबडा आरवतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. इथे मात्र कोंबडा आरवत नाही म्हणून सूर्य उगवत नाही. कार्याच्या जागी कारण आणि कारणाच्या जागी कार्य ठेवायचे, एवढी एकच अदलाबदल. साऱ्या कथेचा डोलारा तिच्यावर उभा आहे.

'सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो' हे त्या कानडी लघुपटाचे इंग्रजी नाव. सर्वांत आधी कळले ते सूर्यफुलांना, असा त्याचा अर्थ. दिग्दर्शक चिदानंद एस. नाईक हे वैद्यकीय शिक्षण घेऊन मग चित्रपटाकडे वळलेले म्हैसूरचे तरुण. मे २०२४ मध्ये कान महोत्सवाच्या 'ला सिनेफ' या विद्यार्थी विभागात या लघुपटाला पहिले पारितोषिक मिळाले. जगभरच्या ५५५ चित्रपटशाळांतून २,२६३ प्रवेशिका आल्या होत्या. त्यांतून १८ निवडल्या गेल्या आणि त्या अठरांत पुण्याचा हा लघुपट पहिला ठरला. पुढे तो ऑस्करच्या स्पर्धेसाठी पात्र ठरला, पण नामांकनांत पोहोचला नाही. वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली, अभिनंदनाचे संदेश झडले. लघुपटात नेमके काय आहे आणि ते कोठून आले आहे, याची चर्चा मात्र झाली नाही. परदेशात टाळी पडली की आपल्याकडे हार घालायचे आणि हार सुकले की विषय संपवायचा, ही रीत जुनीच आहे.

हा लघुपट म्हणजे दूरचित्रवाणी विभागातील एक वर्षाच्या अभ्यासक्रमाच्या अखेरीस दिग्दर्शन, छायालेखन, संकलन आणि ध्वनी या चार शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून करायचा प्रकल्प. चित्रीकरणाला अवघे चार दिवस होते. हा चित्रपट करू नकोस, असे आपल्याला सांगण्यात आले होते, हे नाईक यांनी पारितोषिक मिळाल्यानंतर सांगितले. ही कर्नाटकातील लोककथा आहे आणि ती लहानपणापासून आपल्या मनात होती, असेही ते म्हणाले.

कोणी सांगितले, यात शिरण्याचे कारण नाही. चार दिवसांत एवढा पसारा आवरणार नाही, अशी साधी व्यावहारिक काळजीही त्यामागे असू शकेल. तरीही त्या सल्ल्याला एक ओळखीचा वास आहे, आणि तो एका संस्थेपुरता नाही. शहरी सुशिक्षितांच्या मनात लोककथेविषयी एक संकोच घर करून बसला आहे. आजीच्या गोष्टीतली म्हातारी भोपळ्यात बसून निघाली की तो बालिशपणा. इंग्रजी कादंबरीतली पोरे झाडूवर बसून उडाली की ती कल्पनाशक्ती. ज्या घरात श्रावणातल्या कहाण्यांची पोथी माळ्यावर गेली, त्याच घरात हॅरी पॉटरचे सातही खंड दर्शनी कपाटात विराजमान झाले. हॅरी पॉटरबद्दल कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. ज्या मुलाला त्या खंडांत रस वाटतो त्याला विक्रम-वेताळातही वाटला असता, पण ती गोष्ट त्याला सांगण्याची लाज त्याच्या आईवडिलांना वाटली, हे दुखणे आहे.

संकोचाची दुसरी तऱ्हा अधिक सभ्य आहे. तिथे लोककथेचे कौतुक होते, पण उसन्या नावाने. असे काही पडद्यावर दिसले की आपल्याकडच्या जाणकारांच्या ओठांवर पहिला शब्द येतो तो 'जादुई वास्तववाद'. हा शब्द फ्रान्झ रो या जर्मन कलासमीक्षकाने १९२५ साली तत्कालीन चित्रकलेसंबंधी योजला. तिथून तो लॅटिन अमेरिकेच्या साहित्यात गेला आणि तिथून आपल्या परिसंवादांत आला. कर्नाटकातल्या खेड्यातला कोंबडा आरवण्यासाठी त्याला बर्लिन आणि बोगोटा यांचा परवाना का लागावा?

शब्द उसना असला तरी हरकत नव्हती, जर तो मापात बसला असता. तो बसत नाही. फ्रान्समध्ये स्थायिक झालेले अभ्यासक त्स्वेतान तोदोरोव यांनी १९७० साली अद्‌भुत साहित्याची जी मीमांसा केली, तिचा गाभा 'संशय' हा आहे. घडले ते खरे की भास, या दोहोंत वाचक लोंबकळत राहतो तोवरच तो प्रकार टिकतो, असे त्यांचे प्रतिपादन. ज्या समाजात चमत्कारावरचा विश्वास उडाला आणि त्याची ओढ मात्र उरली, त्या समाजाचे हे लक्षण आहे. इंग्लंडचे टोल्कीन यांनी १९३९च्या आपल्या व्याख्यानात वेगळी भूमिका मांडली होती. चांगला कथाकार एक दुय्यम जग निर्माण करतो आणि त्या जगाच्या नियमांनुसार तिथे घडते ते खरेच असते. अविश्वास तात्पुरता बाजूला ठेवावा लागला, तर कथा फसली असे समजावे, असा त्यांचा रोख. टोल्कीन यांचे म्हणणे आपल्या आज्यांना सहज पटले असते.

कारण श्रावणी रविवारी वाचली जाणारी आदित्यराणूबाईची कहाणी याच नियमाने चालते. आटपाट नगर, दरिद्री ब्राह्मण, त्याच्या लेकी, एकीने कहाणी ऐकली आणि दुसरीने ऐकली नाही. पुढे दरिद्री झालेल्या बहिणीच्या मुलाला मावशी कोहळा पोखरून त्यात मोहरा भरून देते, तर वाटेत साक्षात सूर्यनारायण माळ्याच्या वेषात येऊन तो कोहळा काढून घेतो. आकाशातला सूर्य पायवाटेवर चालत कसा आला, हे कहाणीत कोणीच विचारत नाही. ऐकणाऱ्या बायकाही विचारत नाहीत, आणि त्या काही भोळसट नव्हेत. बाजारात भाजीवाल्याला त्या दोन पैशांनी फसू देत नाहीत. कहाणीचा संकेत त्यांना ठाऊक असतो. अशक्य ते एकदा मान्य करायचे. मग माणसे कशी वागतात, इकडे लक्ष द्यायचे.

नाईक यांच्या लघुपटाने हाच संकेत पाळला आहे, आणि इथेच त्याचे खरे यश आहे. अंधार पडल्यावर कोणी शास्त्रज्ञ गावात येत नाही, हे सारे म्हातारीचे स्वप्न होते असा खुलासाही होत नाही. विद्यार्थ्यांच्या हाती पैसा तुटपुंजा असतो. राक्षस, उडते रथ, संगणकावर उभारलेली मायानगरी हे सारे त्यांच्या आवाक्याबाहेरचे. या लघुपटातला चमत्कार कशाच्या असण्यात नसून नसण्यात आहे. सूर्य नाही, म्हणजे पडद्यावर रात्र आहे, एवढेच. अद्‌भुताला भांडवल लागत नाही, बेत पक्का लागतो, हे यापेक्षा स्वस्तात कोणी सिद्ध केले नसेल. कानच्या परीक्षकांनीही आपल्या अभिप्रायात रात्रीच्या गर्भातून उजळणाऱ्या या प्रकाशाचा आणि विनोदाचा आवर्जून उल्लेख केला.

सूर्य आपल्या आरवण्याने उगवतो अशी समजूत असलेला कोंबडा युरोपच्या रंगभूमीवरही येऊन गेला आहे. एदमाँ रोस्ताँ यांचे 'शाँतक्लेर' हे फ्रेंच नाटक १९१० साली पॅरिसमध्ये झाले. त्यात कोंबड्याचा भ्रम फुटतो, त्याच्याविना पहाट होते. शहाण्या, बुद्धिवादी युरोपचा तो कोंबडा. कानडी लोककथा भ्रम फोडण्याच्या भानगडीत पडत नाही. ती म्हणते, समजा भ्रम खरा ठरला. मग तुमचे गाव कसे वागेल?

आणि गाव जे वागते, ते पाहण्यासारखे आहे. कोंबडा परत यावा म्हणून एका भविष्यवाणीचा आधार घेतला जातो आणि म्हातारीच्या कुटुंबाला गावाबाहेर काढले जाते. भविष्यवाणी हा अद्‌भुतकथेतला घासून गुळगुळीत झालेला संकेत. पाश्चात्त्य कथांत ती बहुधा नायकाची निवड करते; कपाळावर खूण असलेला पोर जगाचा तारणहार ठरतो. इथे भविष्यवाणी कोणाला निवडत नाही, हाकलते. संकट आले की गावाला आधी कारण हवे असते आणि मग कारणाला एक घर हवे असते. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. ती रूढी इतकी चिवट की तिच्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. अद्‌भुतकथा म्हणजे वास्तवापासून पळ, असा आक्षेप घेणाऱ्यांनी या प्रसंगाकडे पुन्हा पाहावे. निबंध लिहून जे सांगता आले नसते ते इथे एका कोंबड्याच्या निमित्ताने सांगितले गेले आहे.

इथे स्वकीयांनाही दोन शब्द ऐकवणे भाग आहे. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांत एक मंडळी अशी आहे, की जिला अद्‌भुत हे अद्‌भुत म्हणून पचत नाही. पुष्पक विमान म्हटले की ती त्याचे इंजिन शोधू लागते. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि जगभर हसे झाले. कथेला खोटी म्हणून हिणवणारा आणि तिच्यासाठी प्रयोगशाळेचा दाखला मागणारा, दोघांचाही कथेवर विश्वास नाही. वाल्मीकींच्या प्रतिभेला विमानाच्या आराखड्याची कुबडी लागत नाही.

ज्या भूमीवर हा लघुपट शिकून तयार झाला, तिला तरी हे नवे नाही. आजची संस्था १९६० साली सुरू झाली ती प्रभातच्या जागेत. कोल्हापूरहून १९३३ साली पुण्यात आलेल्या प्रभातने इथेच १९३६ मध्ये 'संत तुकाराम' काढला. दामले-फत्तेलालांनी त्यात वैकुंठाहून विमान आणले आणि त्या विमानात न बसणारी, पोरांच्या भाकरीची काळजी वाहणारी आवलीही त्याच चौकटीत उभी केली. विमान खरे की खोटे, हा प्रश्न प्रेक्षकाला पडत नाही; नवरा गेल्यावर मागे राहिलेल्या बाईचे काय, हा पडतो. १९३७ साली व्हेनिसने त्या चित्रपटाची दखल घेतली. त्याच आवारात अनेक दशकांनी एका विद्यार्थ्याला लोककथा पडद्यावर आणण्यासाठी सल्ला झुगारावा लागला, याला काय म्हणावे?

सूर्य रोखून धरणारी बाई तर आपल्या पुराणांत केव्हाच येऊन गेली आहे. मार्कंडेय पुराणातला कौशिक हा कुष्ठरोगी ब्राह्मण. पत्नी त्याला खांद्यावर घेऊन रात्रीच्या अंधारात चालली असता त्याचा पाय शूलावर चढवलेल्या मांडव्य ऋषींना लागला. ज्याने हा धक्का दिला तो सूर्योदयाला मरेल, असा शाप मांडव्यांनी दिला. पत्नी म्हणाली, मग सूर्य उगवणारच नाही. आणि तो उगवला नाही. यज्ञ थांबले, हविर्भाग मिळेना म्हणून देव हवालदिल झाले, ब्रह्मदेवाकडे धावले. त्या सामान्य ब्राह्मणीपुढे सूर्यमंडळ लाचार झाले होते. पण तिला कोणी हद्दपार केले नाही, तिच्यावर कोणाचे भविष्य लादले नाही. ब्रह्मदेवाने देवांना अत्रिपत्नी अनसूयेकडे पाठवले. अनसूया त्या बाईच्या घरी गेली, आधी तिची विचारपूस केली, तिच्याशी बाईपणाने बोलली, आणि नवऱ्याला जिवंत करण्याची हमी दिली. तेव्हा कुठे त्या बाईने सूर्याला मोकळे केले. सूर्य उगवला, कौशिक मेला आणि अनसूयेने त्याला उठवले. याच उपकाराच्या बदल्यात देवांनी तिला वर दिला आणि तिच्या पोटी दत्तात्रेय जन्मले, असे पुराण सांगते.

लघुपटातल्या गावाला कोंबडा हवा होता. म्हातारीने तो का नेला, हे तिच्या घरी जाऊन विचारणारी एखादी अनसूया त्या गावात नव्हती.