सल्ला द्यायला काय जातं?

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं शिक्षण पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विषय होता, पण मार्कांपुरता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. हा लेख इंग्लिश सेक्शनला दिला असता तर मला सोपं गेलं असतं. पण ज्यांच्यामुळे तो लिहावासा वाटला ते माझे मामा इंग्लिश सेक्शन वाचणार नाहीत. आपलं मॅगझिन हातात पडलं की ते थेट मराठी विभाग उघडतात. म्हणून हा खटाटोप!

तर मित्रांनो, रात्रीच्या जेवणाला मेसमध्ये कोणी नवीन माणूस येऊन बसला तर त्याला वाटेल, जगातल्या सगळ्या सॉफ्टवेअर कंपन्या आम्हाला विचारूनच चालतात. एका हातात पोळी, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि तोंडाने निकाल! लिनक्स चांगलं की विंडोज? आयफोन की अँड्रॉइड? एआय आपल्या नोकऱ्या खाणार की नाही? १९ जुलै २०२४ ला जगभर विमानतळांवर, बँकांमध्ये निळे स्क्रीन आले, आपल्याकडे विमानाचे बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. त्यावर आम्ही आठवडाभर भांडलो. 'बघा, विंडोज म्हणजे असंच!' हे माझं वाक्य, आणि ते मी फार मोठ्या आवाजात म्हटलं होतं. नंतर कळलं की गोंधळ क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे झाला होता. सुमारे ८५ लाख मशीन त्यात अडकल्या. मी बातमीचं फक्त हेडिंग वाचलं होतं. पण मेसमधल्या वादाचा एक फायदा असतो, हरलात तरी बिल येत नाही.

बिल आलं ते २०२५ च्या दिवाळीत. तेही मला नाही, मामांना.

मामांचं लोहाऱ्यात छोटंसं सेवा केंद्र आहे. झेरॉक्स, मराठी टायपिंग, सातबारा, ऑनलाइन फॉर्म, लॅमिनेशन. लोहारा तालुक्याचं गाव, त्यामुळे आजूबाजूच्या गावांतली माणसं तहसीलच्या कामाला येतात आणि येता-जाता मामांकडे थांबतात. सास्तूरसारखी गावं १९९३ च्या भूकंपानंतर नव्याने वसली. आमच्या भागात कागदाची किंमत लोकांना सांगावी लागत नाही. त्यात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये धाराशिव जिल्ह्यात अतिवृष्टी झालेली. दिवाळी तोंडावर आली तरी केंद्रात झेरॉक्स आणि कागदपत्रांसाठी रांग होती.

मी गुरुवारी, १६ ऑक्टोबरला पोचले. चहाचा कप हातात देतानाच मामांनी मोबाईल पुढे केला. "अगं, हे बघ काय आलंय. चौदा तारखेनंतर विंडोज दहा बंद पडणार म्हणायलेत. दोन्ही मशीन भंगारात घालाव्या लागतील म्हणे. तू इंजिनिअर व्हायलीस ना, तूच सांग काय करू."

आता वाचकहो, तिसऱ्या वर्षाच्या मुलीला याहून मोठा मान कोणता? मेसमध्ये जे वाक्य मी शंभर वेळा ऐकवलं होतं तेच इथे ऐकवलं. "मामा, विंडोज सोडा. लिनक्स टाकू. फुकट आहे, व्हायरसची कटकट कमी, जुन्या मशीनवर पळतं." यातला एकही शब्द खोटा नव्हता, हे लक्षात ठेवा. मामा म्हणाले, "तुला कळतंय, कर." मी त्याच रात्री त्यांच्या मुख्य मशीनवरच्या फाईली पेनड्राइव्हवर घेतल्या आणि उबुंटू टाकलं. पाऊण तासात काम फत्ते! स्क्रीन काय सुंदर दिसत होता! मी होस्टेलच्या ग्रुपवर फोटोसुद्धा टाकला.

शुक्रवारी वसुबारस. सकाळी दहाला केंद्र उघडलं आणि साडेदहापर्यंत माझी इंजिनिअरिंग संपली.

पहिलं म्हणजे अंगठ्याचं मशीन चालेना. त्याचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज आणि अँड्रॉइडसाठी होतं. दुसरं त्याहून मोठं. मामांकडे बारा वर्षांचे साचे आहेत. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, संमतीपत्र, वारस नोंदीचा अर्ज. फाईल उघडली तर मराठीच्या जागी इंग्लिश अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला!

असं का होतं ते थोडक्यात सांगते, कारण मलाही ते त्याच दिवशी नीट कळलं. जुन्या मराठी फाँटमध्ये कॉम्प्युटरच्या पोटात 'क' नसतोच. तिथे एखादं इंग्लिश अक्षर किंवा चिन्ह असतं, फाँट फक्त त्याला 'क'चे कपडे घालतो. फाँट काढला की कपडे उतरले. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे 'क'ला स्वतःचा नंबर आहे, ०९१५, आणि तो पुण्यात, लोहाऱ्यात, टोकियोत एकच. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली, आपल्या देशाचं इस्की हे मानकसुद्धा १९९१ चंच. पण आपला 'ॲ' युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून यायला २००८ उजाडलं. मधल्या वर्षांत माणसं थांबणार थोडीच? काम करायचं होतं, त्यांनी मिळेल तो फाँट घेतला. मामांचा फाँट ज्या सॉफ्टवेअरमधून यायचा त्याचं यूएसबी लॉक ड्रॉवरमध्ये होतं, सीडी मात्र कधीच हरवली होती. आणि ते सॉफ्टवेअर मी रात्री पुसून टाकलं होतं.

तेवढ्यात माकणीकडचे एक आजोबा आले. वारस नोंदीसाठी प्रतिज्ञापत्र हवं होतं. पुढे सुट्ट्या, त्यामुळे कागद आजच द्यायचा होता. मी म्हटलं, नवीन टाईप करून देते. पण माझं मराठी टायपिंग म्हणजे इंग्लिश अक्षरांतून एकेक शब्द शोधत जाणारं. मामा उत्तम टायपिस्ट, पण त्यांची बोटं जुन्या टाइपरायटरच्या कळांना सरावलेली. नव्या मांडणीत त्यांना 'र' सापडेना. वीस मिनिटांत चार ओळी झाल्या, त्यातही आजोबांच्या गावाचं नाव मी दोनदा चुकवलं.

आजोबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "राहू दे बाई. मशीनच हाय, बिघडायचंच. उमरग्याला जाऊन येतो." आणि पिशवी काखेत मारून स्टँडकडे गेले. मामा त्यांना म्हणाले, "भाची हाय माझी, शिकायलीय." बस, एवढंच. मला एका शब्दाने बोलले नाहीत.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की 'मशीन बिघडली' आणि 'मी बिघडवली' यात फरक आहे. आजोबांच्या तिकिटाचे पैसे आणि अख्खा दिवस माझ्या सल्ल्याच्या खात्यावर होता, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

संध्याकाळी मामांनी गावातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावलं. बारावीनंतर शिक्षण सोडलेला, माझ्याच वयाचा असेल. खरं सांगते, मला थोडी लाजच वाटत होती. त्याने स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढायच्या आधी खुर्चीत बसून प्रश्न विचारले. अंगठा कोणत्या मशीनवर घेता? जुन्या फाईली कोणत्या फाँटात आहेत? प्रिंटर किती जुना? यंदा खर्च किती झेपेल? मी नसलो तर दुरुस्त कोण करणार? शेवटचा प्रश्न ऐकून माझा घोट अडकला. मी तर भाऊबीज झाली की परत हॉस्टेलला!

त्याचं उत्तर आमच्या मेसमध्ये कोणालाच आवडलं नसतं, कारण त्यात कोणीच जिंकत नव्हतं. विंडोज दहा १४ ऑक्टोबर २०२५ नंतर बंद पडलेलं नाही, मशीन चालूच राहते. थांबले ते सुरक्षेचे नेहमीचे फुकट अपडेट. म्हणून 'भंगारात घाला' हेही चूक, आणि 'काही होत नाही, चालू द्या' हेही चूक, कारण केंद्रात लोकांचे आधार नंबर आणि बँकेचे तपशील हाताळले जातात. मामांची मशीन २०१६ ची. विंडोज अकराला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे तो रस्ता बंद. पण मायक्रोसॉफ्टने वैयक्तिक खात्यावर चालणाऱ्या मशीनसाठी एक वर्षाचे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे वाढीव सुरक्षा अपडेट देऊ केले होते. खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे न भरताही. तर तेवढं वर्ष पदरात पाडून घ्या, हार्डडिस्कच्या जागी एसएसडी टाका म्हणजे मशीन पळेल, नवीन मशीनसाठी पैसे बाजूला ठेवा, आणि आजपासून नवा कागद युनिकोडमध्येच करा. जुना साचा ज्या दिवशी लागेल त्या दिवशी तो बदलून ठेवा, सगळे एकदम नकोत. फाँटची सीडी त्याच्याकडे नव्हती, पण त्याने दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला फोन करून मिळवली. रात्री अकराला मामांचे साचे परत मराठीत दिसायला लागले.

मग लिनक्स वाईट का? मुळीच नाही! मामांच्या दुसऱ्या मशीनला ना अंगठा जोडलेला, ना त्यावर जुना फाँट. भाऊबीजेला मी विचारून, तपासून, त्यावर लिनक्स टाकलं. मामेभाऊ आता त्यावर प्रोग्रॅमिंग शिकतो. सॉफ्टवेअर तेच, सल्लाही तोच. एका टेबलावर तो चूक होता, आणि दोन फुटांवरच्या दुसऱ्या टेबलावर बरोबर.

परत आल्यावर मेसमध्ये हाच वाद निघाला. एक जण म्हणाला, म्युनिक शहराच्या पालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, सुमारे १५ हजार कॉम्प्युटरांचं ते काम झालं, आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परत फिरायचं ठरवलं. म्हणजे लिनक्स फेल! दुसरी म्हणाली, केरळच्या शाळा बघ, २००१ मध्ये सुरू झालेल्या 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पाने तिथे मुक्त सॉफ्टवेअर रुजवलं. म्हणजे लिनक्स पास! पूर्वी मीही यात उडी मारली असती. या वेळी मी एवढंच विचारलं की तिथे टेबलावर कोण बसलं होतं? केरळमध्ये शिक्षकांना आधी शिकवलं गेलं, मग मुलांपर्यंत ते पोचलं. मी मामांना काय शिकवलं होतं? काहीच नाही. रात्रीत मशीन बदलली आणि सकाळी त्यांना गिऱ्हाइकासमोर उभं केलं. दोघंही माझ्याकडे बघत राहिले, मग कोणीतरी ताक मागितलं आणि विषय बदलला.

माझं म्हणणं असं नाही की वाद घालू नका. वाद घातल्याशिवाय आपण वाचत नाही, हे मला स्वतःवरून माहीत आहे. पण वाद आणि सल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वादात तंत्रज्ञान कोणतं चांगलं ते ठरतं, सल्ल्यात या माणसाचं सोमवारचं काम कसं चालेल ते ठरतं. आणि आपल्याला सल्ला विचारणारे कोण असतात? आपल्या वडिलांचं दुकान, मावशीची शाळा, गावातली पतसंस्था. त्यांच्याकडे सपोर्टचं कंत्राट नसतं, आपण असतो. ते आपल्यावर विश्वास टाकतात कारण आपण 'इंजिनिअरिंगला' आहोत. त्यांना कुठे माहीत, आपण फक्त हेडिंग वाचलंय!

आपल्या प्राध्यापकांनाही एक नम्र विनंती. आम्हाला ऑपरेटिंग सिस्टिमचे सगळे प्रकार पाठ आहेत, परीक्षेत लिहितोही. पण 'समोरच्याला आधी काय विचाराल?' असा प्रश्न एकदाही पेपरात आला नाही. पाच मार्कांचा का होईना, येऊ द्या.

मी आता इनस्क्रिप्ट शिकतेय. 'जे' दाबला की 'र' येतो, शिफ्ट धरून 'जे' दाबला की 'ऱ', तोच लोहाऱ्यातला. हा लेख मी स्वतः टाईप केला आहे, युनिकोडमध्ये. तीन संध्याकाळी लागल्या.

मामा, तुमच्या कॉम्प्युटरवर तो नीट दिसतोय ना? नसेल तर आधी त्या दुरुस्तीवाल्या मुलाला विचारा. मग मला.