मामाचे ‘चांगले दिवस’

आमच्या घरात ‘मामाचे चांगले दिवस’ असा एक शब्दप्रयोग होता. त्या दिवसांत धाकटा मामा रात्री जेमतेम दोन-तीन तास झोपे आणि तरीही पहाटे ताजातवाना असे. एक विषय पुरा होण्याआधीच दुसरा काढी. एका गणेशोत्सवात त्याने नाटक बसवले, वाचनालयाची घोषणा केली आणि पतसंस्थेचे कर्ज काढून पिठाची गिरणी आणली. हे सारे पंधरा दिवसांत! लोक म्हणाले, “माणूस असावा तर असा!” आम्हीही टाळ्या वाजवल्या.

दिवाळीनंतर तोच मामा माजघरात भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. जेवण नको, बोलणे नको. “जगून काय करायचंय?” असे एकदा आजीला म्हणाला. तेव्हा तेच लोक म्हणाले, “कर्ज झालं, म्हणून सोंग घेतलंय.”

पुढे मानसशास्त्राच्या वर्गात कळले, की ती एकाच आजाराची दोन टोके होती : उन्माद आणि अवसाद. १८९९ साली क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने या दोहोंना एका आजारात बसवले. आज त्याला बायपोलर डिसऑर्डर म्हणतात. मन तर सर्वांचेच खालीवर होते. पण झोप घटूनही थकवा न येणे, विचारांची धावाधाव, अफाट खर्च, चिडखोरपणा आणि ‘मला काहीही अशक्य नाही’ ही भावना आठवडाभर टिकली, तर तिला केवळ उत्साह म्हणू नये. दोन आठवडे टिकलेल्या उदासीला आळस म्हणू नये.

माझे म्हणणे एवढेच, की आपल्याला उतार दिसतो, चढ दिसत नाही. आम्ही डॉक्टरांना फक्त मामाची उदासी सांगितली. या आजारात नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी मन उन्मादाकडे उसळण्याचा धोका असतो. मामाचे तसेच झाले. त्यात डॉक्टरांचा काय दोष? ‘चांगले दिवस’ आम्ही सांगितलेच नव्हते. कौतुकाच्या गोष्टीला आजार कोण म्हणेल?

यावर उपचार आहेत. लिथियमचा गुण ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ साली दाखवला; ते आजही वापरात आहे. मात्र रक्ततपासणी नियमित हवी आणि बरे वाटले म्हणून औषध परस्पर थांबवायचे नाही. मामा आज औषध घेतो आणि तीच गिरणी चालवतो.

मित्रहो, हा आजार बहुधा आपल्याच वयात डोके वर काढतो. वसतिगृहातला एखादा मित्र रात्र-रात्र जागूनही थकत नसेल, पैसे उधळत असेल, तर नुसत्या टाळ्या वाजवू नका. त्याच्या घरी कळवा, त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. कोणी मरणाची भाषा बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. १४४१६ या ‘टेली-मानस’च्या क्रमांकावर सरकारी मदत विनामूल्य मिळते.

आमच्या घरी ‘चांगल्या दिवसां’चा अर्थ आता बदलला आहे. मामा रात्री दहाला दिवा मालवून झोपला, की आजी म्हणते, “आजचा दिवस चांगला गेला.”